प्रस्तावना : पाळीव प्राण्यांची आपत्कालीन अवस्था, नाशिकच्या संदर्भात

ज्या बिघाडावर काही मिनिटांत किंवा काही तासांत उपचार न झाल्यास प्राण्याचा जीव जातो अथवा त्याचा एखादा अवयव कायमचा निकामी होतो, त्या बिघाडाला पशुवैद्यकात आपत्कालीन अवस्था म्हणतात. ही व्याख्या वेळेवर उभी आहे, आणि त्या वेळेचा पहिला, बहुधा सर्वांत मोलाचा, भाग पशुवैद्यकाच्या हाती कधीच नसतो. तो घरातल्या माणसांच्या हाती असतो. कुत्रे किंवा मांजर दवाखान्याच्या टेबलावर येते तोपर्यंत काहीतरी बिनसले आहे हे कोणीतरी ओळखलेले असते, किंवा ओळखण्यात उशीर झालेला असतो, आणि पुढच्या उपचारांचे यश पुष्कळदा या एकाच गोष्टीवर ठरते. म्हणून या पुस्तकाचा वाचक पशुवैद्यक नसून प्राण्याचा पालक आहे, आणि तोही विशेषतः नाशिक शहर व जिल्ह्यातला. कारण प्राण्यांवर येणारे प्रसंग सगळीकडे सारखे नसतात, ते त्या त्या प्रदेशाच्या पिकांतून, हवामानातून आणि सणांतून घडतात.

महाराष्ट्रातील पशुवैद्यक शास्त्राची वाट गोठ्यातून गेलेली आहे. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या शंभराहून अधिक वर्षांनंतर, १९८८ मध्ये, सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, आणि २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन राज्यातील हे सारे शिक्षण एका छत्राखाली आले. या संपूर्ण काळात शासकीय दवाखाने, लसीकरणाच्या मोहिमा आणि तालुक्यातालुक्यांतील पशुधन अधिकारी यांचा भर गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्यावर राहिला, आणि शेतीवर जगणाऱ्या समाजात ते स्वाभाविकही होते. गावातील जाणत्या शेतकऱ्याजवळ या जनावरांपुरते आपत्कालीन निदानाचे बारकाईचे ज्ञान होते आणि आजही आहे. बैलाने रवंथ थांबवला, गाईची डावी कूस ढोलासारखी फुगली, नाकपुड्या कोरड्या पडल्या, कान थंड लागले, तर त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही; तो हातातले काम टाकून डॉक्टरांकडे धावतो. मात्र गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्यावरच्या सदनिकेत एका पिढीच्या आत कुत्री-मांजरे घरातलीच झाली, तेव्हा हे गोठ्यातले ज्ञान त्यांच्याबरोबर वर चढले नाही. गाईचा रवंथ पाहणारे डोळे ज्या आजोबांना होते, त्यांच्या नातवाला आपले मांजर सकाळपासून आठ वेळा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन रिकामेच परत आले, याचा अर्थ लागत नाही. या पुस्तकाचे सर्वांत मोठे प्रयोजन ही तुटलेली साखळी पुन्हा जोडणे हेच आहे.

गोठ्यातले ज्ञान जसेच्या तसे उचलूनही भागत नाही. पोटफुगीचेच उदाहरण घ्यावे. गाईच्या पहिल्या पोटात, म्हणजे कोठीपोटात, आंबवणाचा वायू कोंडतो, आणि तेल पाजणे किंवा अगदीच निकराच्या वेळी पशुवैद्यकाने डाव्या कुशीतून नळी घालून वायू सोडणे, हे त्यावरचे जुने, उपयोगी उपाय आहेत. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगते तेव्हा बहुधा जठर वायूने ताणले जाऊन स्वतःभोवती पीळ खाते, त्याची दोन्ही तोंडे बंद होतात आणि रक्तपुरवठा तुटतो. असे कुत्रे अस्वस्थपणे येरझारा घालते, पुन्हा पुन्हा ओकण्याचा प्रयत्न करते पण फेसाशिवाय काही पडत नाही, आणि लाळ गळत राहते. या अवस्थेत पाजलेले तेल किंवा सोडा पुढे जाण्याला वाटच उरलेली नसते; पीळ सोडवणारी शस्त्रक्रिया हाच उपाय असतो आणि ती काही तासांतच व्हावी लागते. घरगुती काढ्याची वाट पाहत काढलेली रात्र अशा कुत्र्याला बहुधा परवडत नाही.

आजार ओळखण्याआधी निरोगीपणा ओळखता आला पाहिजे, कारण कुत्री आणि त्याहूनही मांजरे दुखणे लपवतात. दुबळेपणा दिसला की शिकारी प्राणी किंवा प्रतिस्पर्धी टपून येतो, हा त्यांच्या पूर्वजांचा वारसा त्यांच्या वागण्यात टिकून आहे. म्हणून पालकाने प्राणी धडधाकट असतानाच त्याच्या काही खुणा ठाऊक करून घेणे अगत्याचे आहे. झोपलेल्या निरोगी कुत्र्याचा किंवा मांजराचा श्वास मिनिटाला साधारणपणे ३०च्या आत असतो, आणि झोपेतही तो सतत त्यावर राहू लागला तर ती हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या बिघाडाची पहिली खूण असू शकते. गुदद्वारातून मोजलेले तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, म्हणजे माणसाच्या हाताला निरोगी कुत्रेही कोमटच लागते, आणि केवळ अंगाला हात लावून ताप ठरवणे फसवे ठरते. वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी : ती ओलसर व गुलाबी असावी, बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. हिरडी फिकट पडणे म्हणजे रक्त किंवा रक्तदाब कमी होणे, निळसर होणे म्हणजे प्राणवायू कमी पडणे, पिवळी होणे म्हणजे कावीळ किंवा तांबड्या पेशींचा नाश, आणि विटेसारखी गडद लाल होणे म्हणजे उष्माघात किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. या तपासणीला एक मिनिटही लागत नाही, आणि फोनवर डॉक्टरांना ‘बरे दिसत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘हिरड्या पांढऱ्या आहेत आणि श्वास मिनिटाला ६० आहे’ असे सांगता येणे, यात पुष्कळदा जीव वाचणे आणि जाणे एवढे अंतर असते.

आता नाशिककडे वळावे. या जिल्ह्याला ज्या दोन पिकांनी नाव मिळवून दिले, ती दोन्ही कुत्र्यांसाठी विषारी आहेत, आणि ही गोष्ट अजून घरोघरी पोचलेली नाही.

द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात हे पशुवैद्यकांना काही दशकांपासून माहीत होते, पण नेमका दोषी घटक सापडत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतील प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हे आम्ल द्राक्षात विपुल असते, आणि कुत्र्याची मूत्रपिंडे त्याचा निचरा करण्यास असमर्थ ठरतात, असे त्यांचे म्हणणे असून पुढे मिळालेल्या पुराव्यांनी त्याला बळ दिले आहे. द्राक्षाची जात, त्याचे पिकणे आणि हंगाम यांनुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, त्यामुळे एका कुत्र्याने मूठभर मणी खाऊनही त्याला काही होत नाही आणि दुसऱ्याला थोड्याच मण्यांनी बाधा होते. दिंडोरी, निफाड किंवा पिंपळगाव बसवंतच्या बागांवरील राखणीची कुत्री वर्षानुवर्षे पडलेले मणी खातात आणि जगतात, असे शेतकरी सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. पण त्या अनुभवावरून शहरातल्या लहान पामेरियनला द्राक्षे खाऊ घालणे सुरक्षित ठरत नाही, कारण कोणत्या कुत्र्याला किती मात्रा बाधेल हे आधी सांगता येत नाही. बेदाण्यात पाणी उडून गेल्याने हाच घटक अनेक पटींनी साठतो, त्यामुळे बेदाणा शेडभोवती फिरणारे कुत्रे किंवा प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे चाटणारे पिल्लू अधिक धोक्यात असते. वाइनरीतून निघणारा चोथाही त्याच वर्गात बसतो, आणि आमटी-सारात पडणारी चिंचही, कारण टार्टारिक आम्ल तिच्यातही मुबलक आहे. बाधा झालेले कुत्रे बहुधा पहिल्या दिवसातच ओकते, मरगळते, खाणे सोडते. त्यानंतर एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊ लागते आणि कधी पूर्ण थांबते. लघवी थांबल्यावर वाचण्याची आशा फार थोडी उरते. उलट, खाल्ल्यानंतर पहिल्या काही तासांतच पशुवैद्यकाने उलटी करवली आणि शिरेतून सलाइन चालू ठेवले, तर बहुतेक कुत्री बरी होतात. म्हणजेच येथे लक्षणांची वाट पाहणे हीच चूक आहे : द्राक्षे खाल्ल्याचे दिसणे हेच लक्षण मानले पाहिजे.

कांद्याची गोष्ट याहून फसवी आहे. कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातील इतर वनस्पतींतील गंधकयुक्त द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनवर, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनावर, आघात करतात. पेशींमध्ये हाइन्झ पिंड म्हणून ओळखले जाणारे ठिपके तयार होतात आणि अशा पेशी शरीर स्वतःच मोडून काढते. शिजवल्याने किंवा वाळवल्याने ही द्रव्ये नाहीशी होत नाहीत. कुत्र्यात दर किलो वजनामागे सुमारे १५ ते ३० ग्रॅम कांदा आणि मांजरात अवघा ५ ग्रॅम कांदा रक्तावर परिणाम करू शकतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला पाव कांदाही पुरे. मटणाच्या रश्शात पोळी कुस्करून कुत्र्याला घालणाऱ्या प्रेमळ घराने हे समजून घेतले पाहिजे, कारण वाटणातला कांदा-लसूण दिसत नाही, पण असतो, आणि रोज थोडा थोडा साठतो. लक्षणे बहुतेकदा तीन ते पाच दिवसांनी येतात : प्राणी थकतो, धाप लागते, हिरड्या फिकट किंवा पिवळ्या होतात, लघवी चहासारखी गडद होते, आणि तोपर्यंत रविवारचा रस्सा घरात कोणाच्या लक्षातही नसतो. लासलगावच्या बाजारात भाव कोसळला की शेतकरी कांदा जनावरांपुढे टाकतात किंवा बांधावर ओततात. गाई-बैलांनाही तो मोठ्या प्रमाणात बाधतो, हे येथे जाता जाता नोंदवले पाहिजे.

तिसरा धोका द्राक्षबागेतल्या फवारणीचा आहे. ऑर्गनोफॉस्फेट व कार्बामेट या वर्गांतील कीटकनाशके चेतासंस्थेतील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, बंद पाडतात, त्यामुळे नसांकडून स्नायू व ग्रंथींना जाणारा संदेश थांबतच नाही. मिश्रण कालवलेल्या बादलीतले पाणी प्यायलेल्या किंवा ओल्या पानांतून फिरून आलेल्या कुत्र्याच्या तोंडातून लाळेच्या धारा लागतात, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही आणि छाती स्रावाने भरून श्वास अडतो. यावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन हे प्रभावी औषध पशुवैद्यकांकडे असते, पण कोणते विष आहे हे कळावे म्हणून औषधाची बाटली किंवा निदान तिच्यावरच्या लेबलाचा फोटो सोबत नेणे आवश्यक असते. अंगावर औषध सांडले असेल तर हातमोजे घालून प्राण्याला साबणाने धुवावे. उंदरांच्या औषधांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील रक्त पातळ करणाऱ्या वर्गाचा परिणाम तीन ते पाच दिवसांनी, आतल्या आत रक्तस्राव सुरू झाल्यावर दिसतो, आणि वेळीच सुरू केलेल्या के१ जीवनसत्त्वाने तो रोखता येतो. झिंक फॉस्फाईडपासून मात्र पोटात फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. अशा कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवाव्यात, कारण त्याच्या उलटीतून सुटणारा वायू सोबतच्या माणसांनाही बाधतो.

पावसाळ्यात आणि मळ्यांवर सर्पदंशाचा प्रश्न येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात, आणि कुत्रे सापाला हुंगायला जात असल्याने त्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. घोणस व फुरसे यांच्या दंशाने झपाट्याने सूज येते व रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. नाग आणि मण्यार यांचे विष चेतासंस्थेवर काम करते, आणि मण्यारीचा दंश तर दिसतही नाही, फक्त मागचे पाय लटपटू लागतात. घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेली बहुगुणी प्रतिविषलस या चारही विषांवर चालते आणि ती प्राण्यांनाही देतात. तिची मात्रा प्राण्याच्या वजनावरून ठरत नाही, शरीरात गेलेल्या विषावरून ठरते, त्यामुळे लहान कुत्र्यालाही मोठ्याइतकीच, कधी जास्तही लागते; खर्चाची तयारी ठेवताना पालकाने हे ध्यानात घ्यावे. दंशाच्या जागी ब्लेड मारणे, विष चोखणे, दोरी आवळणे, मिरची किंवा तंबाखू चारणे यांतली एकही गोष्ट करू नये. प्राण्याला शक्य तितके स्थिर ठेवून, उचलून, गळ्यातला पट्टा काढून दवाखान्यात नेणे एवढेच घराने करायचे असते. निफाडच्या उसात वावरणाऱ्या बिबट्याच्या तावडीतून सुटलेल्या कुत्र्याबद्दलही एक सांगितले पाहिजे : वरून दोन बारीक छिद्रे दिसतात, पण सुळे शिरून हिसका बसल्यामुळे कातडीखालचे स्नायू, कधी फुप्फुसाचे आवरणही फाटलेले असते, म्हणून अशा जखमेवर हळद भरून घरी ठेवू नये.

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि ‘नाशिकची हवा थंड’ ही जुनी ख्याती तेव्हा कुत्र्यांच्या कामी येत नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते, म्हणून पग, बुलडॉग, शित्झू यांसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना आणि पर्शियन मांजरांना उकाडा सर्वांत आधी मारतो. तापमान ४१ अंशांच्या वर गेले की मेंदू, आतडी आणि मूत्रपिंडे यांच्या पेशी मरू लागतात. असे कुत्रे आधी गार करावे आणि मग, किंवा गार करता करता, न्यावे : अंगावर नळाचे पाणी सतत ओतत पंखा लावावा, ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये कारण तो काही वेळात स्वतःच गरम होतो, बेशुद्धावस्थेत तोंडात पाणी घालू नये, आणि तापमान ३९.५ पर्यंत उतरले की थांबावे. बंद मोटारीत ‘पाच मिनिटांसाठी’ ठेवलेले कुत्रे हा या पुस्तकातला सर्वांत टाळता येण्याजोगा मृत्यू आहे.

येवल्याच्या संक्रांतीच्या पतंगांची कीर्ती मोठी आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली असली, तरी छपरांवर, तारांवर आणि अंगणांत त्याचे तुकडे नंतरही महिनोन्‌महिने लोंबत राहतात. पक्ष्यांच्या पंखांइतकेच मांजरांच्या पोटालाही त्यांचे भय आहे. दोऱ्याशी खेळताना मांजर तो गिळते, त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकते आणि दुसरे आतड्यात पुढे सरकत राहते, तेव्हा आतडे त्या ताणाने चुण्या पडून गोळा होते व दोरा त्याला करवतीसारखा कापत जातो. ओकणाऱ्या मांजराच्या जिभेखाली किंवा गुदद्वारापाशी दोरा दिसला तर तो ओढणे ही सर्वांत घातक प्रतिक्रिया आहे, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत सहज सुचणारी आहे.

ज्या आजारांचा प्रदेशाशी संबंध नाही त्यांपैकी तीन येथे उल्लेखिले की पुरे. त्यांचा विस्तार पुढील प्रकरणांत आहे. बोक्याच्या मूत्रमार्गात खडा किंवा चिकट द्रव्य अडकून लघवी तुंबली, तर एक-दोन दिवसांत रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडते. पालकाला मात्र ते बद्धकोष्ठ वाटते. नसबंदी न झालेली मादी कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर एक-दोन महिन्यांत फार पाणी पिऊ लागली आणि मरगळली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले किंवा एका दिवसात पुन्हा आले, तर वाट पाहू नये. झटका चालू असताना तोंडात बोट, चमचा किंवा कांदा घालू नये, फक्त आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्यात आणि वेळ मोजावी.

प्रतिसादाच्या बाबतीत या पुस्तकाची भूमिका स्पष्ट आहे : जे घरात करायचे ते थोडे आहे, आणि जे करू नये त्याची यादी लांब आहे. माणसांच्या औषधांची पेटी प्राण्यांसाठी उघडू नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. आयब्युप्रोफेन कुत्र्याचे जठर व मूत्रपिंडे जाळते. कुत्र्यांच्या गोचिडांवर लावायचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्यास त्याला झटके येतात. उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे अजूनही सर्रास चालते, पण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाऊन मेंदूला इजा होते. उलटी करवायची की नाही हा निर्णय पशुवैद्यकाचाच असावा, कारण ॲसिड, रॉकेल किंवा टोकदार वस्तू गिळलेल्या प्राण्यात ती उलटीच मारक ठरते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि दर मिनिटाला उचलून पाहू नये. अपघात झालेल्या कुत्र्याला चादरीवर किंवा फळीवर सरकवून न्यावे, आणि ते कितीही प्रेमळ असले तरी वेदनेत चावू शकते, म्हणून त्याचे तोंड कापडाच्या पट्टीने सैलसर बांधावे. मात्र ते ओकत असेल किंवा त्याला श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बांधू नये. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे. श्वास व हृदय थांबले असेल, तर प्राण्याला कुशीवर निजवून छाती तिच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी दबेल अशा बेताने मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी, आणि एकटा माणूस असल्यास दर ३० दाबांनंतर तोंड मिटून धरून नाकातून दोन श्वास द्यावेत.

उपचार मिळण्याच्या सोयींचे वास्तव सांगितल्याशिवाय हे सारे अपुरे राहील. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या क्षेमाची काळजी घेण्याचे कर्तव्य टाकले आहे, पण ते पार पाडायला रात्री दोन वाजता उघडा दवाखाना लागतो. मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले असले, तरी नाशिकपासून ते सुमारे १७० किलोमीटरवर आहे, आणि पीळ पडलेले जठर किंवा तुंबलेला बोका कसारा घाट उतरेपर्यंत थांबत नाही. शासनाच्या पशुसंवर्धन विभागाची १९६२ या क्रमांकाची टोल फ्री सेवा आणि तिची फिरती पथके मुख्यतः पशुधनासाठी आहेत. गावात त्यांचा आधार मोठा आहे, शहरातील मांजरासाठी मात्र त्यावर विसंबता येत नाही. म्हणून प्राणी घरी आणल्याच्या पहिल्या आठवड्यातच आपल्या भागातील कोणता पशुवैद्यक रात्री फोन उचलतो, सलाइन, प्राणवायू, क्ष-किरण आणि शस्त्रक्रिया यांची सोय कोठे आहे, प्रतिविषलस कोणाकडे साठवलेली असते, याची विचारपूस करून ते क्रमांक दारामागे लिहून ठेवावेत. निघण्यापूर्वी फोन करावा आणि प्राण्याचे वय व वजन, काय खाल्ले किंवा काय घडले, किती वेळापूर्वी, हिरड्यांचा रंग, श्वासांची संख्या आणि घरी काही औषध दिले असल्यास त्याचे नाव, एवढे सांगावे. घरच्या उपायाची लाज वाटून तो लपवला जातो आणि डॉक्टर नेमक्या त्याच्याच विरुद्ध जाणारे औषध देतात, असे होऊ नये. पलीकडून डॉक्टर सलाइन भरून ठेवतील, मदतनिसाला बोलावतील, किंवा आपल्याकडे सोय नसल्यास थेट दुसरा दवाखाना सांगतील, आणि कॉलेज रोडवरच्या रहदारीत दोनदा फिरण्यात जाणारा अर्धा तास वाचेल.